शमीमच्या अब्बांना मी काय सांगितलं

हे मी नवऱ्याला सांगितलं नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हाला का सांगते आहे — माझं मलाच ठाऊक नाही. साताऱ्याच्या कॉलेजात जन्मभर शिकवलं, त्यामुळे निकाल लागले की अजून माझ्या दारात चपला जमतात. बाई, पोरीला कुठं घालू? हॉस्टेल कसं आहे? आणि मी मोठ्या तोऱ्यात सांगते — फॉर्म भरण्याआधी स्वतः जाऊन बघा, वर्गात कोणत्या भाषेत शिकवतात ते विचारा, एखाद्या नापास झालेल्या मुलीशीही बोला. लोक माना डोलावतात. बाईंचे अनुभवाचे बोल! कसला अनुभव, ते कुणी विचारत नाही.

साठ सालानंतरची गोष्ट. कडेगावातून मॅट्रिक होऊन सांगलीच्या कॉलेजात गेलेली मी पहिली मुलगी. हेडमास्तरांनी नारळ दिला, भाषण केलं. सांगलीत पहिल्याच तासाला कळलं — सगळं इंग्रजीत. उतरवून घेता येईना, विचारायची हिंमत होईना. वर्षअखेर मी नापास झाले. घरी सांगितलं, पास झाले. वडिलांनी पेढे वाटले. मीही खाल्ले — हो, खाल्ले.

त्याच जूनमध्ये शमीम मॅट्रिकला शाळेत पहिली आली. माझी मैत्रीण. माझ्या एक वर्ष मागे, आणि गणितात माझ्या कितीतरी पुढे. तिचे अब्बा, मेहबूबचाचा, पेठेत शिवणकाम करत. पोरीला शिकवायचंच म्हणून सगळ्या नातेवाइकांशी भांडून बसलेला माणूस. माझ्याच कॉलेजचा फॉर्म त्यांनी आणून ठेवला होता. एकच शंका उरली होती, म्हणून शमीमला घेऊन ते आमच्या घरी आले.

ती आली असती तर कुठं बसली असती — कळतंय ना? माझ्याच वर्गात. मी पुन्हा पहिल्याच वर्षाला आहे, हे आठवड्याभरात सगळ्या कडेगावला कळलं असतं.

चाचा म्हणाले, "लोकं काय बी सांगत्यात. तू तितं ऱ्हायलीयास. हॉस्टेल पोरीनं ऱ्हाण्याजोगं हाय का न्हाई, तेवढं खरं सांग. तू म्हणशील तसं करतो."

शमीम माझ्याकडे बघून हसत होती. तिला वाटलं, काम झालं.

मी काय सांगितलं? सांगितलं — चाचा, तिला धाडू नका. तिथल्या पोरी चांगल्या नाहीत, पोरांबरोबर सिनेमाला जातात, रेक्टरबाई बघून न बघितल्यासारखं करतात. एकूण एक शब्द खोटा. रेक्टरबाई इतक्या कडक की सहाच्या ठोक्याला फाटकाला कुलूप! वर हेही म्हणाले — मी आपली कशीबशी अब्रू सांभाळून राहते. हे मला आयत्या वेळी सुचलं. परीक्षेत असं काही एकदाही सुचलं नव्हतं.

चाचांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. पोरीला वाचवलंस, म्हणाले. पुढे कित्येक वर्षं कडेगावात कुणी मुलीला कॉलेजात धाडायचं नाव काढलं की माझा दाखला दिला जायचा. ती स्वतः तिथं शिकलीय, ती सांगते — मग?

भित्री म्हणा मला. पण नुसती भीती असती, तर ती पुढच्या वर्षी संपायला हवी होती. मी पास झाले. आता लपवायला काही उरलं नव्हतं. त्याच महिन्यात शमीमचं लग्न निघालं, साताऱ्याच्या एका लष्करातल्या ड्रायव्हरशी. आदल्या दिवशी दुपारी मी तिच्या हाताला मेंदी लावत होते. खोलीत आम्ही दोघीच.

"सुमे," तिनं हळूच विचारलं, "खरंच तसलं हाय का गं तितं?"

रागानं नाही विचारलं. नुसतं कळावं म्हणून. माझ्या एका शब्दाचं काम होतं. ती अब्बांकडे गेली असती, आणि त्या माणसानं पोरीसाठी ठरलेलं लग्नही थांबवलं असतं — मी त्यांना चांगली ओळखत होते. पण मग चाचांनी मला काय म्हटलं असतं? गावानं काय म्हटलं असतं?

मी म्हणाले, "व्हय. तसलंच हाय."

"मग बरं झालं," शमीम म्हणाली, आणि तिनं दुसरा हात पुढे केला.

मी तोही रंगवला.