कुलूप बाहेरून होतं

आग कशी विझवायची हे आमच्या हिंगोली जिल्ह्यात सगळ्यांना कळतं, फक्त बंबावरच्या माणसांना कळत नाही, हे मी नोकरीभर ऐकत आलो. गावात कडब्याची गंजी पेटली की बोलावणं लागत नाही. बाया घागरी घेऊन निघतात, गडीमाणसं बांबूनं गंजी ओढून फोडतात, कोणी माती टाकतं, कोणी नुसतं ओरडतं, आणि निदान शेजारची गंजी वाचते. उघड्यावरच्या आगीला ही रीत बरोबर आहे. लहानपणी मीही अशा गंज्या फोडल्या आहेत. पण तीच माणसं पोरांच्या शाळेसाठी तालुक्याला आली, चार मजली इमारतीत राहायला लागली आणि येताना रीत मात्र गंजीचीच घेऊन आली. बंद खोलीतली आग फोडायची नसते, कोंडायची असते, हे सांगून सांगून माझे केस पिकले.

आता मी निवृत्त आहे, त्यामुळे बोलायला हरकत नाही. मी एका लहान केंद्राचा प्रमुख होतो. एक बंब, एक चालक, मोजके फायरमन. आगीच्या जागी हुकूम माझा चालायचा, बाकी जगात कुठंच चालत नव्हता. पाठीवर हवेची टाकी आणि तोंडावर मुखवटा असा जो संच असतो, ज्याला आम्ही बीए सेट म्हणतो, ते आमच्याकडे दोनच चालू होते. तिसरा मागून मागून मी थकलो होतो. आग लागल्यावर विहीर खणायची ही आपली जुनीच सवय.

लग्नसराईचे दिवस होते, भर दुपार. वर्दी आली की तिसऱ्या मजल्यावरून धूर निघतोय. आम्ही पोचलो तेव्हा गल्लीत एवढी माणसं होती की बंब शिरेना. मी तो इमारतीला चिकटवला नाही, थोडा अलीकडेच उभा केला, कारण वरून काचा पडतात. लगेच मागून कोणीतरी म्हणालं, साहेब घाबरले. पहिलं काम म्हणजे इमारतीला चारी बाजूंनी बघून घेणं. आग दिसली की तोंडासमोर पाणी मारत सुटणारा माणूस आपलीच माणसं मारतो, हे मला माझ्या उस्तादांनी शिकवलं होतं.

मागच्या खोलीच्या खिडकीत कूलर जळून वितळला होता. धूर पिवळट, जड, खाली बसणारा. त्याला लसणासारखा उग्र वास होता. कपाशीवर फवारणी केलेल्या कोणालाही तो वास ओळखू येईल. समोरच्या फ्लॅटमधल्या बाई खाली उभ्या होत्या. त्यांनी सांगितलं की घर कृषी केंद्रवाल्यांचं आहे आणि मागच्या खोलीत फवारणीच्या औषधाची खोकी आहेत. दुकानात जागा पुरत नाही म्हणून वर आणून ठेवतात, सगळ्या इमारतीला माहीत होतं. मग माझा दुसरा प्रश्न, आत माणूस कोण आहे? बाई म्हणाल्या, कोणी नाही. सगळे पुसेगावला लग्नाला गेलेत, दाराला कुलूप आहे. म्हातारा असतो ना त्यांच्याकडे, असं गर्दीतल्या एकानं विचारलं. बाईंनी खात्रीनं सांगितलं की त्यांना कधीच साखऱ्याला, त्यांच्या गावी नेऊन ठेवलंय.

यावर मी ठरवलं. आमच्या कामाचा एक हिशोब आहे. माणसासाठी माणूस आत घालायचा, सामानासाठी नाही. विषारी धूर, दोन संच, आत कोणी नाही. मी हुकूम दिला की दार उघडायचं नाही. वीज तोडा, इमारत रिकामी करा, शेजारच्या घरांतले गॅस खाली आणा, जिन्यातून पाइप वर न्या आणि त्या दारावर पाणी सोडत राहा, म्हणजे आग जिन्यात येणार नाही. खोली कोंडली की हवेवाचून आग मलूल होते, मग आपल्या सवडीनं तिला मारता येते.

माझी माणसं वर त्या दाराशी बसून दार भिजवत होती आणि खाली गल्ली मला शिव्या घालत होती. तमाशा बघायला आलेत. पगार घेतात आणि उभे राहतात. एक पागोटेवाला म्हातारा जवळ येऊन समजुतीनं म्हणाला, धुराला वाट करून द्या हो, घर गुदमरलंय. त्याचा बिचाऱ्याचा दोष नव्हता, पण मागच्या बाजूला त्याच अकलेचे लोक होते. शेजारच्या गच्चीवरून दोघांनी लांब बांबू घालून त्या खोलीच्या खिडकीच्या उरलेल्या काचा फोडल्या. मदत म्हणून. बाहेरची हवा आत गेली आणि आतून असा आवाज आला की खालची गर्दी मागे सरली. मलूल पडत चाललेली आग एका दमात जागी झाली. मला त्या क्षणी त्या दोघांच्या मुस्कटात द्यावीशी वाटली, आजही वाटते.

इतक्यात त्या समोरच्या बाई फोन घेऊन माझ्याकडे आल्या. घरमालकाला त्यांनी आधीच फोन लावला होता. तो एवढंच म्हणाला होता, मी येऊन राहिलो, आणि मग उचलतच नव्हता. म्हणून त्यांनी त्याच्या बायकोला लावला होता. ती मलाच मागत होती. मी फोन कानाला लावला. मागे लग्नाचा बँड वाजत होता आणि ती इतकं हळू बोलत होती की मला दुसरा कान बोटानं बंद करावा लागला.

"साहेब, बाबा आत हायेत. माझे सासरे," ती म्हणाली. "कुलूप मीच लावलं. कोणाला सांगू नका, पण काढा त्यान्ला."

त्या वाक्याचा मी पुढं खूप विचार केला. तेव्हा विचाराला वेळ नव्हता. मला एवढंच कळलं की माझा सगळा बेत एका खोट्यावर उभा होता आणि तो आता उलटा करायचा होता.

आत जायला दोघं निघाले. पुढं होता आमच्यातला सगळ्यात जुना फायरमन. रानात शेळ्या-मेंढ्या राखणाऱ्या घरातला, कमी बोलणारा. त्याच्या पाठीवरच्या टाकीत हवा अर्ध्याहून थोडीच जास्त होती. मी त्याला ते सांगितलं, तो म्हणाला, "पुरंल." मी त्यांच्यामागे जिन्याच्या वळणापर्यंत गेलो आणि तिथंच थांबलो. प्रमुखानं आत जायचं नसतं. तो आत गेला की बाहेरच्यांना कोण बोलावणार, कोण मोजणार, कोण परत फिरवणार? हे बरोबर आहे, मी नव्या पोरांना हेच शिकवत आलो. पण आपल्या माणसाला अशा दारात पाठवून स्वतः वळणावर उभं राहणं काय असतं ते उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

त्यानं कुलूप तोडलं. दाराला उलट्या हाताचा स्पर्श करून बघितला, खाली बसला, दार बोटभर लोटलं, फटीतून वर छताकडं पाण्याचा बारीक फवारा मारला आणि दार ओढून घेतलं. तापलेला धूर असा थोडा थोडा थंड करतच आत शिरायचं असतं, नाहीतर दार उघडताच तो पेटून अंगावर येतो. दुसऱ्यांदा त्यानं दार लोटलं तर ते पुढं जाईना. आतून काहीतरी आडवं होतं.

म्हातारा दारामागेच होता.

तो बेडरूममध्ये नव्हता, पलंगावर नव्हता. तो दारापर्यंत आला होता आणि ते उघडत नाही म्हणून तिथंच पडला होता. आमची माणसं इतका वेळ ज्या दारावर पाणी सोडत होती, त्याच्या पलीकडं, वीतभर अंतरावर. त्यानं दार वाजवलं असेल. नक्कीच वाजवलं असेल. खाली बंबाचा पंप, जिन्यात पाण्याचा आवाज, गल्लीत ओरडा, त्यात कोणाला ऐकू येणार? आणि ज्याला आत कोणी नाही असं सांगितलंय तो कान देऊन ऐकतही नाही.

फायरमन अंग आडवं करून त्या फटीतून आत घुसला. दुसऱ्यानं दारातून त्याच्या डोक्यावर फवारा धरला. मागच्या खोलीतली आग आता बैठकीच्या छताखालून दाराकडं येत होती. मी वळणावरून शिट्टी वाजवत होतो, परत फिरा म्हणून. त्यानं ती ऐकली असणार. पण त्यानं म्हाताऱ्याच्या काखेत हात घातले, त्याला बाजूला ओढला, खांद्यावर टाकला आणि मगच बाहेर आला. त्याचे हातमोजे पाण्यानं भिजलेले होते. त्या धगीत ओल्या मोज्यातल्या पाण्याची वाफ होते आणि हात आतल्या आत शिजतात. खाली उतरून त्यानं म्हाताऱ्याला स्ट्रेचरवर ठेवलं आणि मग मोजे काढताना पहिल्यांदा ओरडला.

म्हातारा जिवंत होता. दारावर आम्ही जे पाणी सोडत होतो ते खालच्या फटीतून आत जात होतं, फरशी गार होती, आणि फटीतून येणाऱ्या हवेशी त्याचं तोंड होतं. डॉक्टरांनी नंतर सांगितलं, त्यानंच वाचला. मला ते ऐकून बरं वाटलं असं लिहायला पाहिजे. पण मला त्या वीतभर अंतराचा राग येत होता, आणि तो अजून गेलेला नाही.

बाकीची आग आम्ही विझवली. खाली वाहणारं पाणी विषारी होतं, लोक त्यात चपला घालून उभे होते, त्यांना हाकलून आम्ही शेजारच्या प्लॉटमधली माती आणून बांध घातला. मुलगा पोचला तो याच वेळी. लग्नाचा फेटा डोक्यावर तसाच. त्याला कळलं की बाबा दवाखान्यात आहेत, जिवंत आहेत, तेव्हा तो मटकन खाली बसला आणि रडला. ते रडणं खोटं नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. मग कोणीतरी मोबाइल त्याच्यासमोर धरला आणि विचारलं, बाबा आत कसे? तो डोळे पुसत म्हणाला की बाबा सकाळीच गावाहून आले होते, त्यांना विसरायला होतं, त्यांनी आतून कडी लावून घेतली असेल. आणि पुढं म्हणाला की बंबवाले आले पण कितीतरी वेळ नुसते उभेच होते. गर्दीनं लगेच दुजोरा दिला. आमी डोळ्यांनी बघितलं, उभेच व्हते.

मी जवळच होतो. तुटलेलं कुलूप जिन्यात पडलेलं होतं. मी बोलू शकलो असतो. तेवढ्यात त्याची बायको रिक्षातून उतरली, जरीचं लुगडं, कपाळावर लग्नातल्या अक्षता चिकटलेल्या. तिनं माझ्याकडं एकदा बघितलं आणि मान खाली घातली. जे लिहायचं ते मी वरिष्ठांना नंतर लिहिलं. त्या गल्लीत मात्र मी गप्प राहिलो, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या तालुक्यात आम्ही उभे राहिलेले ठरलो.

पुढं शेजारणीकडून कळलं ते असं. म्हाताऱ्यानं जन्मभर मेंढरं राखलेली. ती विकली आणि लेकानं त्याला इथं आणलं. त्याची आठवण जायला लागली तसा तो दार उघडं दिसलं की सेनगावच्या रस्त्याला लागायचा, भेटेल त्याला विचारायचा, आमचा कळप कुठं बसलाय? एकदा ट्रकखाली जाता जाता वाचला. मग कुलूप आलं. लोक काय म्हणतील म्हणून त्याला गावाला ठेवल्याचं सगळ्यांना सांगितलं. कुलपाचा मला राग नाही. अशा माणसाला सांभाळणं किती कठीण असतं ते मी माझ्या घरात बघितलंय. माझा राग आहे तो कुलूप लपवल्याचा. शेजारच्या एका घराला जरी खरं माहीत असतं, तरी मी पहिल्या हुकुमातच ते दार उघडायला लावलं असतं आणि एका माणसाचे हात वाचले असते.

त्याचे हात पुन्हा पूर्वीसारखे झाले नाहीत. पाइपाचं नोझल घट्ट धरता येईना म्हणून पुढं त्याला टपालाच्या कामावर बसवलं.

तो दवाखान्यात असताना मी त्याला भेटायला गेलो होतो. दोन्ही हात मनगटाच्या वरपर्यंत पट्टीत. म्हातारा पलीकडच्याच वॉर्डात होता. फायरमन म्हणाला, चला, एकदा बघून येऊ. मला जायचं नव्हतं, पण त्याच्या मनाविरुद्ध कसं करणार. मुलगा तिथंच होता, बापाला डब्यातला वरणभात चारत होता. आम्हाला बघून त्याचा घास हातातच राहिला. म्हाताऱ्यानं अर्थातच आम्हाला ओळखलं नाही. पण माणसं आली म्हणून खुश झाला आणि आपणहून सांगायला लागला.

"लय धूर व्हता. दार उघडंना. मंग माझं पोरगं आलं. कोकरू उचलावं तसं उचललं मला," तो म्हणाला, आणि लेकाच्या पाठीवर हात ठेवला. "व्हय ना रे?"

मुलानं आमच्याकडं बघितलं नाही. घास पुढं करत म्हणाला, "व्हय बाबा. मीच."

मी पुढं सरकलो, तर फायरमननं कोपरानं मला मागे ढकललं. म्हाताऱ्याची नजर तेव्हा त्याच्या पट्ट्यांवर गेली. त्याला फार वाईट वाटलं. तोंडातला घास तसाच ठेवून त्यानं विचारलं, "हात काहून भाजले तुमचे? घरचं कोणी जवळ न्हवतं का?"

फायरमननं एकदा त्या मुलाकडं बघितलं. मग म्हणाला, "न्हवतं, बाबा."