मे महिन्यातला बर्फ

मे महिन्यात मेलेल्या माणसाला कुणासाठी थांबवून ठेवायचं असेल, तर बर्फ लागतो. मी नववी पास होऊन दहावीत जाणार होते तेव्हा मला हे कळलं. इतक्या लवकर कळायची काही गरज नव्हती.

आम्ही भांडुपला टेकडीच्या उतारावर चाळीत राहायचो. बाबांची गिरणी संपानंतर बंद पडली ती पडलीच, मग ते मुलुंडच्या एका कंपनीत वॉचमन झाले. त्या दिवशी सकाळी ड्युटीवर निघायला म्हणून चपला घातल्या आणि एक चप्पल पायात असतानाच दारात बसले. डॉक्टर येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. आई तेव्हा गावी, मालवणकडे, तिच्या भाचीच्या लग्नाला गेली होती. घरात मी एकटीच होते.

शेजारच्या खोलीतल्या चुलतकाकांनी तार केली. "प्रकृती गंभीर, ताबडतोब निघ." तारेत मेल्याचं कधी कळवायचं नाही, अशी आमच्याकडे रीत आहे. वाटेत एकट्या बाईमाणसाचं काय होईल, म्हणून. संध्याकाळी कोपऱ्यावरच्या वाण्याकडे गावाहून फोन आला, की ती एसटीत बसली. म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी ती पोचणार, आणि तोवर बाबांना ठेवायचं. आईने शेवटचं तोंड बघायला हवं होतं. मला दुसरं काही सुचतच नव्हतं.

घाटकोपरहून टेम्पोने लाद्या आल्या, गोणपाटात आणि भुशात गुंडाळलेल्या. लग्नसराई होती, बर्फ सगळा सरबताला आणि मठ्ठ्याला चाललेला. मिळेल तेवढा आणला. जमिनीवर पत्रा टाकला, त्यावर लाद्या, लाद्यांवर चटई आणि चटईवर बाबा. वरून पंखा फिरत होता, तो लाह्या भाजाव्यात तसली हवा खाली ढकलत होता.

आमच्या वर्गात बाईंनी एकदा चंचूपात्रात बर्फ घेऊन खाली स्पिरिटचा दिवा लावला होता. आत थर्मामीटर. दिवा जळतोय, बर्फ वितळतोय, आणि पारा शून्यावरून हलायला तयार नाही. शेवटचा तुकडा विरेपर्यंत तो तसाच. दिलेली सगळी उष्णता वितळण्यातच खर्च होते, असं बाईंनी सांगितलं, आणि आम्ही ते परीक्षेपुरतं पाठ केलं. त्या दिवशी मात्र मी त्या वाक्याला देवासारखं धरून बसले. बर्फाचा तुकडा शिल्लक आहे तोवर बाबांचं काही बिघडणार नाही. पारा हलणार नाही. आई येईल.

रात्र कशी गेली ते मला लिहायचं नाही.

उजाडलं तेव्हा लाद्या निम्म्या झाल्या होत्या. काका बाहेर गेले आणि जाड्या मिठाची गोण घेऊन आले. तरुणपणी ते मच्छीमारी होडीवर होते. मासळीवर बर्फ, बर्फावर मीठ, एवढंच त्यांना ठाऊक.

"काका, मीठ नको! मिठाने बर्फ लवकर वितळतो!" मी ओरडले.

"मीठ मारल्यार टिकता गो. मासळेक आमी तसाच करतव," काका म्हणाले. "तुझा शाळेतला शाळेत ठेव."

मासा टिकतो, बर्फ नाही. हे त्यांना कोण समजावणार? मोठ्या माणसांपुढे मुलीचं शहाणपण म्हणजे आगाऊपणा. त्यांनी ओंजळी भरभरून मीठ टाकलं, आणि टाकताना रडत होते, म्हणून मलाही पुढे बोलवेना. बर्फ कडकड तडकायला लागला. पाणी सुटलं ते उंबऱ्यावरून गॅलरीत आणि गॅलरीतून पायऱ्यांवर. गॅलरीत पापड वाळत घातले होते, ते बायकांनी पटापट उचलले. पत्र्याच्या कडेला पांढरं हिव धरलं. मी बाबांच्या हाताला हात लावला आणि झटकन मागे घेतला. तेवढं गार काही मी आजवर हातात धरलेलं नव्हतं.

ऊन वर आलं तरी आईचा पत्ता नाही. गाडी घाटात बंद पडली होती, हे नंतर कळलं. दुसऱ्या बर्फासाठी गेलेले लोक हात हलवत परत आले. मग चाळीतली मोठी माणसं हळू आवाजात बोलायला लागली. शेवटी एकाने मलाच सांगितलं, "पोरी, आता उचलायला पाहिजे. बघतेस ना तू?"

"आईने बघितल्याशिवाय नाही," मी म्हटलं आणि दारात आडवी बसले. मला राग आला होता, सगळ्यांचाच. मिठाचा, लग्नांचा, एसटीचा, बाबांचासुद्धा. खांद्यापाशी नारळाएवढा तुकडा उरला होता. माझी नजर त्यावरून हलत नव्हती. तो मुठीएवढा झाला. मग लिंबाएवढा.

आई कुर्ल्याला उतरून रिक्षाने आली. खाली गाठोडं घेऊन उतरली आणि पायऱ्यांशी थबकली. मे महिन्यात आमच्या चाळीत पाण्यावरून डोकी फुटायची, आणि इथे पायऱ्यांवरून पाणी वाहत होतं. कुणाला तिला काही सांगावं लागलं नाही. ती पायऱ्या चढली ती ओल्या पावलांनी, एकेक पायरी धरून. आत आली, बाबांचं तोंड बघितलं आणि त्यांच्या गालावर हात ठेवला. तो तिने बराच वेळ काढला नाही.

बाहेर विटांच्या चुलीवर त्यांच्या आंघोळीचं पाणी तापलं होतं. मयताच्या पाण्यात आमच्याकडे विसण घालत नाहीत. जिवंत माणसाला सोसावं म्हणून कढत पाण्यात गार मिसळायचं, मेलेल्याला सोसायचं काय? आईने बादलीत हात बुडवला.

"विसण आणा गो कोणीतरी," ती म्हणाली.

"मयताक विसण घालूचा नसता," चाळीतली सगळ्यात म्हातारी बाई म्हणाली. "आता तेंका खयचो चटको लागतलो?"

"मगे बर्फार कित्याक निजयलात?" आई म्हणाली. "तेंका थंड कधी सोसला?"

मी माठातून तांब्याभर पाणी आणून दिलं. आईने ते थोडं थोडं बादलीत ओतलं, हाताने ढवळलं, पुन्हा हात बुडवून पाहिला, आणखी चमचाभर घातलं. मग पदराला हात पुसत बाबांकडे वळली.

"उठा," ती म्हणाली, "पाणी काढलंय."

आणि खरंच थोडा वेळ वाट बघत उभी राहिली.