धर्माबादची पाव्हणी

त्या दुष्काळात आमच्या तालुक्यात दोनच विषय होते: टँकर कधी येणार आणि नवा जिल्हा कधी होणार. मी सरकारी कॅमेरा-कक्षात कंत्राटी ऑपरेटर होतो. चोरीची वाहनं आणि वाटेतच पाणी विकणारे टँकर सापडावेत म्हणून रस्तोरस्ती कॅमेरे लावले होते. गाडीचा नंबर टाकला की ती कुठून कुठं गेली ते पडद्यावर उमटायचं. खरं सांगतो, मला त्याची नशा चढली होती.

एका दुपारी सत्तेतल्या पुढाऱ्याचा माणूस आला.

"दादा, त्या गुरुजीचं बघा की जरा. जिल्ह्याच्या नावानं लई माणसं गोळा करून राहिले. जातेत कुठं, भेटतेत कुणाला?"

गुरुजी म्हणजे नव्या जिल्ह्याच्या आंदोलनाचे प्रमुख, निवृत्त शिक्षक. मलाही त्यांनीच शिकवलेलं. नाही म्हणायला हवं होतं. मी त्यांच्या मोटारसायकलचा नंबर टाकला. नांदेड, उमरी, धर्माबाद! दर रविवारी तोच रस्ता. फोटो मोठा केला, तर मोटारसायकलच्या मागं पेंडीचं पोतं बांधलेलं. मी शेतकऱ्याचा मुलगा. पेंड कोण खातं हे मला कुणी सांगायला नको होतं. तरी पोत्याचं मी बोललोच नाही. "दर रविवारी धर्माबाद," एवढंच सांगितलं.

बघता बघता तालुकाभर झालं: गुरुजींनी धर्माबादला बाई ठेवलीय. हे लोकांच्या मनात बसलं असतं, तर त्यांच्यामागं कुणी उभं राहिलं नसतं.

मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या मैदानात सभा होती. मीही गेलो. गुरुजी बोलायला उठले आणि पुढाऱ्याचा तोच माणूस गर्दीतून ओरडला, "जिल्ह्याचं ऱ्हाऊ द्या गुरुजी! धर्माबादची पाव्हणी कशी हाय ते सांगा!"

गुरुजींनी माइक जवळ ओढला.

"बरी हाय की! लाल हाय, कंधारी हाय. आमची हीर आटली, म्हणून गाय मेव्हणीच्या गोठ्यात नेऊन बांधली. दूध कमी देती, पण तुमच्या सायबावानी लाथा झाडत न्हाई!"

असा हशा मी आयुष्यात ऐकला नाही. टोप्या उडाल्या, शिट्ट्या वाजल्या. मी तर सगळ्यांपेक्षा जोरात टाळ्या पिटत होतो. वाटलं, सुटलो.

गुरुजींनी हात वर केला. "पण माझा रविवार ह्येला सांगितला कुणी?"

"कॅमेरे हायत न्हवं नाक्याला!" कुणीतरी म्हणालं.

माना कॅमेऱ्याच्या खांबाकडं वळल्या. हसू विरलं. ज्याला त्याला आपापला रविवार आठवत असावा.

दुसऱ्या दिवशी मी गुरुजींच्या घरी जाऊन सगळं सांगून टाकलं.

"मागचं पोतं दिसलं न्हाई व्हय रे?"

"दिसलं, गुरुजी."

गुरुजी म्हणाले, "मास्तर म्हणून हरलो म्हण की मी."

पुढच्या सभेला मी कामावर होतो. आज नाक्यावर गाड्यांची रांग लागणार, या उत्साहानं पडद्याला डोळे लावून बसलो. येऊ दे, मनात म्हणत होतो, एकही नंबर मी कुणाला देणार नाही. पण रस्ता रिकामाच राहिला. संध्याकाळी कळलं, सभेला निम्मेच लोक आले होते. गाड्या घरी ठेवून, कॅमेऱ्यांचा रस्ता टाळून, भेगाळलेल्या शेतांमधून चालत.