चाळीस दिवसांची खळ

२० जून १९५५ रोजी, सोमवारी, जयवंत कोंडीराम गमरे याने गिरगावातल्या एका कॉलेजच्या फीच्या खिडकीवर सत्त्याऐंशी रुपये आठ आणे भरले आणि संशोधन करून एम.एस्सी. मिळवण्यासाठी नाव नोंदवले. नायगावच्या बीडीडी चाळीतून तिथवर गेलेला तो पहिलाच मुलगा. त्याचे वडील, ज्यांना घरी अप्पा म्हणत, परळच्या एका मिलमध्ये रिंग खात्यात अठ्ठावीस वर्षे सूत कातत होते. विणकाम खात्यात पगार जास्त होता. पण तिथे मागावर फिरणाऱ्या धोट्याच्या भोकातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि अप्पांच्या जातीच्या तोंडचा धागा बाकीच्या विणकरांना चालत नसे. म्हणून अप्पा अठ्ठावीस वर्षे रिंग खात्यातच राहिले.

जयवंतला विषय मिळाला तो मात्र विणकामाचाच. मागावर चढण्याआधी सुताला खळ लावतात, म्हणजे धागा ताठ होतो आणि तुटत नाही. ही खळ मक्याच्या पिठाची. चिंचोक्याच्या पुडीची खळ तिच्या निम्म्या किमतीत होते, पण मुंबईच्या हवेत ती चार दिवसांत पातळ पडते आणि आंबते. कुठले द्रव्य किती घातले म्हणजे चिंचोक्याची खळ टिकेल, हे शोधायचे होते. त्याचे मार्गदर्शक प्रोफेसर सबनीस यांनी पद्धत ठरवून दिली. वेगवेगळ्या प्रमाणाच्या बारा बाटल्या भरायच्या. चाळीस दिवस, रोज एकाच वेळी, प्रत्येक बाटलीतली खळ काचेच्या नळीत सोडायची आणि दोन खुणांमधले अंतर उतरायला तिला किती सेकंद लागतात ते स्टॉपवॉचवर मोजायचे. अशा चाळीस दिवसांच्या तीन मालिका पुऱ्या झाल्या, तिन्हींचे आकडे जुळले, की प्रबंध लिहायला घ्यायचा.

चाळीत ही बातमी पसरायला वेळ लागला नाही. शेजारचा दत्ताराम संध्याकाळी गॅलरीत बसून विडी ओढता ओढता विचारी, “काय रे जयवंता, शिजली का खळ?”

“शिजतेय, दत्तारामकाका.”

“आमच्या मिलीत खळ शिजवणारा गडी अंगठा उठवतो. त्याला एम.एस्सी. कोणी दिली नाय ती!”

“त्याची चार दिवसांत नासते म्हणून तर मी शिकतोय.”

“मग नासली की दुसरी शिजवतो की तो. तुझ्यासारखा चाळीस दिवस तिच्या उशाला बसत नाय.”

अप्पा मागून हसत. मुलाची अशी थट्टा होते यातही त्यांना मान वाटे. जयवंतला सरकारची शिष्यवृत्ती होती, अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीची. फी परत मिळे आणि वर महिना साठ रुपये. त्यांपैकी पंचेचाळीस तो आईच्या, सुंदराबाईच्या हातावर ठेवी. धाकटी बहीण चंपा त्याच पैशांवर शाळेत जात होती.

पहिली मालिका त्याने डिसेंबरच्या शेवटी सुरू केली. रविवारीही मोजणी चुकायची नाही. कॉलेजच्या आवारात राहणारा रामदास शिपाई त्याला प्रयोगशाळा उघडून देई. तेविसावा दिवस जानेवारीच्या मध्यावर आला आणि संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीवरून मुंबई पेटली. लालबाग-परळला गोळीबार झाला, संचारबंदी लागली. जयवंत दोनदा चाळीच्या फाटकापर्यंत गेला आणि दोनदा पोलिसांनी त्याला परत फिरवले. “खळ मोजायला जायचंय,” असे त्याने एका पोलिसाला सांगितले, तेव्हा पोलिसाने काठी उगारली. पोलिसाला ती चेष्टा वाटली. पाच दिवस गेले. सहाव्या दिवशी तो प्रयोगशाळेत पोचला तेव्हा बारा बाटल्या जागेवर होत्या आणि वहीत पाच ओळी रिकाम्या होत्या.

त्याच्याबरोबर काम करणारा एक विद्यार्थी म्हणाला, “अरे, आधीचा आकडा माहीत आहे, नंतरचा माहीत आहे. मधले पाच सरळ रेषेत भरून टाक. कोण बघायला आलंय?”

जयवंतने सबनीस सरांना विचारले. सरांनी चष्मा काढून पुसला. “तू त्या पाच दिवसांत खळ पाहिलीस?”

“नाही, सर.”

“मग लिहिणार काय? जे पाहिलं तेच लिहायचं. पुन्हा बाटल्या भर.”

त्याने पुन्हा बाटल्या भरल्या. १९५६ च्या नोव्हेंबरपर्यंत दोन मालिका पुऱ्या झाल्या, आणि दोन्हींतली सातव्या क्रमांकाची बाटली चाळिसाव्या दिवशीही घट्ट होती. सबनीस सरांनी तो आलेख खिडकीच्या उजेडात धरून दोनदा पाहिला. “तिसऱ्यांदा हेच आलं,” ते म्हणाले, “तर मी स्वतः तुझ्याबरोबर मिलवाल्यांकडे येईन.” त्या संध्याकाळी जयवंत गिरगावातून नायगावपर्यंत चालत आला. ट्रामचे पैसे होते, पण बसून राहण्याइतका धीर नव्हता.

डिसेंबरात बाबासाहेब गेले. सगळी चाळ दादरच्या चौपाटीवर गेली. तिथे, चितेसमोर, लाखो लोकांबरोबर अप्पांनी हात वर करून बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. रात्री ते घरी आले तेव्हा पायांना वाळू तशीच होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी देव्हारा रिकामा केला. सुंदराबाईने देव जुन्या लुगड्यात बांधून दिले. डोळ्यांतले पाणी मात्र पुसले नाही. शोक इतका मोठा होता की जयवंतचेही दीड-दोन महिने प्रयोगात लक्ष लागले नाही. मग परीक्षांसाठी प्रयोगशाळा बंद झाली. तिसरी मालिका जूनमध्ये सुरू करायची असे ठरले.

जूनमध्ये शिष्यवृत्तीचा नवा फॉर्म आला. कॉलेजच्या कचेरीतले हेडक्लार्क शामराव मनाने चांगले होते. त्यांनी फॉर्म खिडकीतून दिला आणि आवाज खाली आणला.

“गमरे, आठव्या रकान्यात जुनंच लिही.”

“जुनं म्हणजे?”

“जात. मागच्या साली लिहिलीस तीच. बौद्ध लिहिलंस की सवलत गेली. वरून तसा हुकूम आहे.”

“पण शामराव, घर तेच आहे. खोली तीच आहे. वडलांना रिंग खात्यातून कोणी विणकामात घेतलेलं नाही.”

“मला कशाला सांगतोस? मी का हुकूम काढला? बाकीची पोरं गुपचूप जुनं लिहून जातायत. तूही लिही आणि पदवी घे. मग गावभर सांगत सूट.”

फॉर्मच्या खाली पालकाची सही हवी होती. जयवंतने तो घरी आणला आणि जेवणानंतर अप्पांसमोर ठेवला. काय लिहावे लागेल तेही सांगितले. अप्पांनी रात्रीच्या वर्गात शिकून सहीपुरती अक्षरे गिरवली होती. त्यांनी टाक उचलला आणि खाली ठेवला.

“तुझा फॉर्म हाय, तू भर. मी नको म्हनत नाय. पन खाली माझी सही हाय. चौपाटीवर हात वर करून एक बोललो, आन् सहा म्हयन्यांत दुसरं बोलू?”

सुंदराबाई चुलीपाशी भांडी आवरत होती. “हात वर केलात तवा पोराच्या फीचा इचार केलात काय? कागदच हाय तो. कागद काय हाळी देत फिरतोय?”

“कागदच बोलतो, सुंदरे. आजवर आपलं जे जे झालं ते कागदावरच झालं.”

“मंग लिवा खरं आन् घाला चंपीला कामाला!”

चंपाने पुस्तकातून डोके वर काढले नाही. जयवंत बराच वेळ फॉर्म गुडघ्यावर घेऊन बसला. दोघांचेही बरोबर होते. जुनी जात खोटी नव्हती. तिच्यापायी सोसलेले काहीच अजून संपलेले नव्हते. नवा धर्मही खोटा नव्हता. प्रयोगाच्या वहीत दोन नळ्यांचे दोन आकडे आले की दोन्ही लिहायचे असतात, एक झाकायचा नसतो. त्याने आठव्या रकान्यात बारीक, स्वच्छ अक्षरात लिहिले: बौद्ध, डिसेंबर १९५६ पासून, आणि त्याखाली, पूर्वीची म्हणून, जातीचे नाव. अप्पांनी ते त्याच्याकडून वाचून घेतले आणि सही केली. सुंदराबाईचेही समाधान झाल्यासारखे दिसले. त्या रात्री जयवंतला वाटले की आपण मार्ग काढला.

शामरावांनी दुसऱ्या दिवशी फॉर्म पाहिला आणि कपाळाला हात लावला.

“दोन्ही लिहिलंस? अरे, हा फॉर्म आहे, तुझी प्रयोगाची वही नव्हे! एक लिहिलं असतंस तर कुठे तरी बसलं असतं.”

“जे आहे ते लिहिलं.”

“आता बस खरं बोलत. दुसरा कोरा फॉर्म देऊ का? शेवटचा आहे.”

वडलांची सही पुन्हा मागावी लागली असती. “नको,” जयवंत म्हणाला.

उत्तर १९ सप्टेंबर १९५७ ला आले. अर्जदार बौद्ध असल्याने अनुसूचित जातीत मोडत नाही, सबब शिष्यवृत्ती बंद. सबनीस सरांनी दोन पत्रे लिहिली. पहिल्याची पोच आली, दुसऱ्याची आली नाही. सरांनी प्रिन्सिपॉलना भेटून दोन वर्षांची फी माफ करून घेतली, पण महिन्याचे साठ रुपये कोण देणार? अप्पांना दमा लागला होता. महिन्यातले दहा-बारा दिवसच ते कामावर जात. ऑक्टोबरात जयवंतने अप्पांच्याच मिलमध्ये टाइमकीपरच्या कचेरीत कारकुनी धरली. पगार अठ्ठ्याऐंशी रुपये. सकाळी सात ते दुपारी साडेतीन.

सर म्हणाले, “सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर प्रयोगशाळेची किल्ली मिळणार नाही. मोजणीची वेळ संध्याकाळी सहा ठेव. वेळ कोणतीही असो, रोज तीच हवी.”

नोव्हेंबरात त्याने तिसरी मालिका सुरू केली. पंधरा दिवस ठीक गेले. मग महिना संपला. महिन्याचे पहिले तीन दिवस मिलमध्ये गेल्या महिन्याचे हजेरीपत्रक जुळवायचे असे. साडेचार हजार कामगारांची हजेरी, बदलीवाले, खाडे, ओव्हरटाइम. रात्री नऊच्या आत कोणी सुटत नसे. तीन ओळी रिकाम्या राहिल्या. त्याने बाटल्या ओतून दिल्या.

दुसऱ्यांदा तो शहाणा झाला. चार तारखेला बाटल्या भरल्या, म्हणजे सगळ्यात जास्त दिवस हातात येतील. पण महिना तीस-एकतीस दिवसांचा आणि मालिका चाळीस दिवसांची. कुठूनही सुरू केली तरी तिच्यात पहिली तारीख यायचीच. त्याने कॅलेंडरवर बोट ठेवून बाराही महिने मोजले. एकही सुटला नाही. त्या तीन दिवसांसाठी त्याने बरोबरच्या विद्यार्थ्याला मोजणी करायला सांगितले. त्याने केलीही, आनंदाने. पण त्याचा हात स्टॉपवॉचवर जरा उशिरा पडे, आणि आलेखात ते तीन ठिपके बाकीच्यांपासून वेगळेच उभे राहिले. जयवंतने तेही खोडले.

साहेबांना विचारावे म्हणून तो टाइमकीपरच्या टेबलापाशी गेला.

“पहिल्या तीन तारखांना पाचला सुटू द्याल? नंतर भरून काढीन.”

“कशाला? लग्न आहे?”

“कॉलेजात प्रयोग आहे. खळीवर.”

“खळीवर!” टाइमकीपर खुर्चीत मागे रेलला. “गमरे, खाली खळ खातं आहे, जाऊन बघ हवी तेवढी. फुकट आहे.”

कचेरीतले सगळे हसले. जयवंतही हसला, कारण न हसता परत जागेवर जाणे जास्त कठीण होते.

अशा सहा मालिका बिघडल्या. नोंदणीची तीन वर्षे संपली, एक वर्षाची मुदतवाढ मिळाली, तीही जून १९५९ मध्ये संपली. सबनीस सर त्याच वर्षी निवृत्त होऊन गावी गेले. जाण्याआधी त्यांनी जयवंतला बोलावले नाही, आणि जयवंतलाही जाववले नाही. दत्ताराम आताशा खळीचे विचारत नसे. तो विचारीत नाही हे जयवंतला जास्त लागे. चंपा मॅट्रिकला नापास झाली आणि पुन्हा बसली नाही.

१ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झाले. चाळीत दिवे लागले, पोरांनी गुलाल उधळला, अप्पा खोकत खोकत गॅलरीत उभे राहिले. त्यानंतर काही दिवसांनी शामरावांचे कार्ड आले: नव्या सरकारने बौद्धांना सवलती दिल्या आहेत, येऊन भेट.

जयवंतने रजा घेतली, इस्त्रीचा सदरा घातला, प्रयोगाची वही घेतली आणि गेला. शामरावांनी त्याला आत बोलावून खुर्ची दिली. खिडकीबाहेर उभे केले नाही. सबनीस सरांच्या जागी आलेले नवे मार्गदर्शक तिथेच भेटले. त्यांनी वही चाळली. ते वाईट बोलले नाहीत.

“काम नेटकं आहे. पण नोंदणी गेली म्हणजे हे काम हिशेबात धरता येत नाही. नव्याने नाव घालावं लागेल. आणि चिंचोक्यावर आता दुसरीकडे काम छापून आलं आहे. विषयही नवा घ्यावा लागेल.”

“सातव्या बाटलीचं, सर—”

“तेच प्रमाण. साधारण तेच.”

जयवंतने मान हलवली. वही मागून घेतली नाही; त्यांनीच ती परत दिली. तो सत्तावीस वर्षांचा होता. अप्पा आता कामावर जातच नव्हते.

“मग, गमरे?” शामरावांनी विचारले. “फॉर्म देऊ?”

“नको, शामराव. माझी बी.एस्सी.ची मूळ प्रमाणपत्रं तेवढी द्या. मिलमध्ये कायम करताना मागतायत.”

शामरावांनी फाइल काढली, पाने उलटली आणि थांबले. प्रमाणपत्रे देण्याआधी प्रयोगशाळेचे देणे चुकते करावे लागे. शेवटच्या वर्षात त्याच्या हातून दोन नळ्या आणि एक बाटली फुटली होती. त्यांचा आकडा फाइलला टाचलेला होता. जयवंतच्या खिशात परतीच्या ट्रामपुरते पैसे होते. पगार झाला की भरतो, असे तो म्हणाला. शामरावांनी प्रमाणपत्रे तशीच दिली आणि बाकी त्याच्या नावावर मांडली.

सात रुपये चाळीस नये पैसे. ते त्याने अजून भरलेले नाहीत.