सर्व्हरची खंडेनवमी

माझं काम असं आहे, की ते नीट चालू असतं तेव्हा मी आहे की नाही हे कुणाला कळतही नाही. तळेगावच्या पुढे, नवलाख उंबरे गावाच्या अंगाला, गाड्यांचे सुटे भाग बनवणारा एक कारखाना आहे. तिथले कॉम्प्युटर मी सांभाळतो. प्रिंटरमध्ये कागद अडकला की मी, पासवर्ड विसरला की मी, आणि मेल दोन मिनिटं उशिरा आला तरी मीच. लोणावळ्याला घरी जाऊन जेवायला बसलो की फोन वाजतो. बायकोने आता बोलणंही सोडून दिलंय. ती नुसती माझ्या ताटावर झाकण ठेवते.

त्या वर्षी खंडेनवमीला नेहमीप्रमाणे दुपारी सगळी मशीनं बंद झाली. लेथ, प्रेस, फोर्कलिफ्ट, सगळ्यांना धुऊनपुसून हार घातले. आमच्या ऑफिसात साफसफाई आणि चहापाणी बघणाऱ्या मावशी पूजेचं ताट घेऊन सर्व्हर रूमच्या दारात आल्या. मावशी नवलाख उंबऱ्याच्याच. नऊ वर्षं ठेकेदाराकडून कामाला होत्या, आणि दिवाळीनंतर त्यांना कंपनीच्या रोलवर, म्हणजे कायम नोकरीत, घ्यायचं ठरत आलं होतं. यादीत नाव गेलंय, एवढं त्यांच्या कानावर होतं. त्यावर त्या कुणाशी बोलायच्या नाहीत, बोललं की काम फिसकटतं म्हणून.

मेलचा सर्व्हर घरघरत होता. मावशी म्हणाल्या, "साहेब, समद्या मशीनी बंद हायेत, ह्यालाच का चालू ठेवलाय? वरीसभर राबतंय बिचारं. एक दिस निजू द्या की."

मी लगेच हो म्हणालो. भक्तिभाव वगैरे काही नव्हता, खरं सांगतो. मनात आलं, सर्व्हर बंद म्हणजे मेल बंद, आणि मेल बंद म्हणजे उद्या दसऱ्याला मला कुणी छळणार नाही. सहा वर्षांत जो एकदाही बंद केला नव्हता, तो मी त्या लोभापायी बंद केला. मावशींनी सर्व्हरच्या कपाटावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, फुलाने पाण्याचे दोन थेंब शिंपडले, झेंडूचा हार घातला. दसऱ्याला मी दुपारी तीन तास झोपलो. इतकी शांत झोप कित्येक वर्षांत लागली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बटण दाबलं. पंखे फिरले, पण सर्व्हर उठेना. आत माहिती साठवणाऱ्या चार डिस्क होत्या. त्यातली एक गेली तर उरलेल्या तिघी सांभाळून घेतात, दोन गेल्या की खेळ खलास. माझ्या दोन गेल्या होत्या. वर्षानुवर्षं फिरत राहिलेली जुनी डिस्क एकदा थांबली की पुन्हा फिरेलच असं नसतं. या धंद्यात काल आलेल्या माणसालाही हे माहीत असतं. मलाही होतं. बॅकअप बघितला, तो अडीच महिन्यांपूर्वीच थांबलेला. मी खाली बसलो ते बसूनच राहिलो.

साडेनऊला कारखान्याचे मोठे साहेब आले. त्यांनी हार बघितला, स्वस्तिक बघितलं, कपाटाच्या माथ्यावर सुकलेला पाण्याचा डाग बघितला. म्हणाले, "हे पाणी कुणी टाकलं? आत गेलं असणार. म्हणूनच बंद पडलंय ना?"

मी कपाट उघडून आधीच बघितलं होतं. आत ठणठणीत कोरडं होतं.

"शक्यता आहे," मी म्हणालो.

बस, एवढंच. मी मावशींचं नाव घेतलं नाही. पण तिथे पूजा कुणी केली हे शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. दहा वाजेपर्यंत ठेकेदाराच्या माणसाने मावशींना आत्ताच घरी जा, परत येऊ नका म्हणून सांगितलं. चहा घेऊन दुसरीच बाई आली तेव्हा मला कळलं. मी मनाशी म्हटलं, आधी सर्व्हर उठवू, मग बघू. स्वतःची समजूत घालायला मला फार वेळ लागत नाही.

पुढचे दोन दिवस कसे गेले ते माझं मला माहीत. गेलेल्या दोनपैकी एक डिस्क अधूनमधून फिरायची, परत थांबायची. ती थोडी थोडी करून नव्या डिस्कवर उतरवून घ्यायची होती. एक टक्का, दोन टक्के, मग अडकली. बंद कर, थंड होऊ दे, परत लाव. सर्व्हर रूममधल्या एसीने पाठ धरली होती. दर दहा मिनिटांनी कुणीतरी दार ढकलून विचारायचं, "झालं का?" झालं असतं तर मी इथे गारठत कशाला बसलो असतो? खरेदीवाले फोनवर ओरडून ऑर्डरी देत होते. गुणवत्तावाल्यांनी मात्र दोन दिवस मेल नाही म्हणून बाहेर उन्हात खुर्च्या टाकल्या होत्या, आणि त्यांचं काही अडलंय असं दिसत नव्हतं. सगळ्या कंपनीत अडून बसलेला माणूस मीच.

तिसऱ्या दिवशी दुपारी सर्व्हर उठला. मेलची फाइल तपासून, दुरुस्त करून जागेवर बसवली. सगळं आलंय का बघायला कुणाचा तरी मेलबॉक्स उघडायला हवा, म्हणून मी माझाच उघडला.

डाव्या बाजूला एक फोल्डर होता, 'सिस्टम'. सर्व्हर स्वतःच्या तब्येतीचे मेल मला रोज पाठवायचा. त्यांचा कंटाळा आला म्हणून दोन वर्षांपूर्वी ते आपोआप या फोल्डरमध्ये जातील अशी सोय मीच करून ठेवली होती, आणि त्यानंतर तिकडे फिरकलो नव्हतो. आता उघडला. पावसाळ्यापासून रोज सकाळी सहाला एक मेल: तिसरी डिस्क निकामी होत आहे, बदला. गणपतीनंतर तेच दुसऱ्या डिस्कबद्दल. मधे मधे आणखी एक: बॅकअपची जागा संपली आहे. एकही वाचलेला नव्हता. दोन दिवस पाठ मोडून मी जे खणून काढलं, ते माझ्याच नावचं होतं.

माझ्याशिवाय ते कुणी बघणार नव्हतं. सगळे निवडायचे आणि पुसायचे, चार सेकंदांचं काम. तेवढ्यात साहेबांचा फोन आला. "शाबास. आता एक पानाचा रिपोर्ट दे. कारण पाणी लिही आणि विषय संपव."

मी त्या दिवशी ना मेल पुसले, ना रिपोर्ट दिला. घरी जाऊन जेवलो. मी थकलोय, उद्या बघू, असं म्हणालो. थकलो होतो हे खरंच होतं, पण ते कारण नव्हतं. मला भीती वाटत होती.

दुसऱ्या दिवशी लिहिलं. आत पाणी गेलं नव्हतं, डिस्क जुन्या होत्या, सूचना येत होत्या, मी वाचल्या नाहीत. सगळे मेल सोबत जोडले. साहेबांनी वाचलं. म्हणाले, "हे लिहायची गरज नव्हती." मला ताकीदपत्र मिळालं. मी मावशींचं विचारलं, तर एचआरने सांगितलं, रोलची यादी काल दुपारी मुख्य ऑफिसला गेली, त्यांचं नाव काढून. आता पुढच्या वर्षी बघू. ठेकेदाराकडे परत यायचं तर येऊ देत.

काल दुपारी. म्हणजे मी फोल्डर उघडून बसलो होतो तेव्हा.

संध्याकाळी मी उंबऱ्याला मावशींच्या घरी गेलो. त्या अंगणात भुईमुगाच्या शेंगा तोडत बसल्या होत्या. मला बघून उठल्या, खुर्ची आणली, पाणी दिलं. मी सगळं सांगितलं. डिस्कचं, मेलचं, यादीचं. त्या ऐकत राहिल्या, शेंगा तोडत राहिल्या.

"म्हंजी माझ्या पान्यानं न्हाई झालं?"

"नाही मावशी."

"तीन दिस जेवन ग्वाड लागलं न्हाई मला. म्हटलं, आपल्या हातनं देवाच्या कामात पाप झालं." मग त्यांनी विचारलं, "आत पानी गेलं न्हाई, हे तुमाला कवा कळलं साहेब?"

खोटं बोलावंसं वाटलं. पण तेवढी ताकदच उरली नव्हती.

"त्याच दिवशी. सकाळीच."

त्यांनी हातातली शेंग सुपात टाकली.

"त्या दिशी मी गेटवर दोन वाजेपातूर बसले व्हते," त्या म्हणाल्या. "आपले कॉम्प्युटरवाले साहेब आत हायेत, त्यांनी समदं बगितलंय, येतील सांगाया, असं म्हनत."