प्रेमलासाठी विनंती

सोलापुरातल्या एका मुलींच्या बोर्डिंगात विजयमाला स्वयंपाकाला होती. दोन वेळच्या मिळून दीडशे भाकऱ्या थापायच्या आणि थापता थापता पोरींची गाऱ्हाणी ऐकायची, हे तिचं काम. कुणाला घरची आठवण आलीय, कुणाच्या पोटात दुखतंय, कुणाच्या वहीत चिठ्ठी सापडलीय, सगळं आधी चुलीपाशी यायचं आणि मग, यायचंच झालं तर, मेट्रनबाईंपर्यंत जायचं. मावशीच्या कानात गेलेली गोष्ट बाहेर येत नाही, अशी तिची ख्याती होती. पन्नास पोरींच्या गोष्टी तिनं पोटात ठेवल्या. पोटच्या पोरीची एकच गोष्ट काही तिला ठेवता आली नाही.

नवरा रावजी गिरणीत होता. अडुसष्ट साली छातीच्या दुखण्यानं गेला, तेव्हा प्रेमला नऊ वर्षांची होती. मंडळीनं, म्हणजे चर्चच्या लोकांनी, धावपळ करून विजयमालाला बोर्डिंगात काम आणि मागच्या बाजूला एक खोली मिळवून दिली. त्या खोलीत मायलेकी राहायच्या. प्रेमला सडसडीत, गळ्याची गोड, आईशी तासन्‌तास बोलणारी. शाळेतून आली की दप्तर टाकून आधी चुलीपाशी, आणि मग तोंडाचा पट्टा जो सुरू व्हायचा तो जेवणाची घंटा होईपर्यंत. विजयमाला वैतागल्यासारखं दाखवायची, पण त्या बडबडीवरच तिचा दिवस निघत होता.

आता भगिनी मंडळाचं सांगायला हवं. दर बुधवारी दुपारी चर्चशेजारच्या खोलीत सतरंजी अंथरून वीसेक बायका बसायच्या. गीत व्हायचं, शास्त्रपाठ व्हायचा, आणि मग विनंत्या. एकेकीनं आपल्या घरचं संकट सांगायचं, की सगळ्यांनी गुडघे टेकून, नाव घेऊन, मोठ्यानं त्यासाठी प्रार्थना करायची. त्यामुळे कुणाचा नवरा पितो आणि कुणाची सून माहेरी बसलीय हे देवाला जितकं ठाऊक, तितकंच मंडळालाही ठाऊक असायचं. बायका वाईट नव्हत्या, हे आधीच सांगितलेलं बरं. रावजीच्या आजारात त्यांनीच पाळीपाळीनं जेवण आणून दिलं होतं. मंडळाच्या प्रमुख रत्नम्मा तर रात्रंदिवस दवाखान्यात बसल्या होत्या. पण दुसऱ्याच्या दुःखात इतक्या मनापासून शिरायच्या, की शिरताना दार वाजवायचं राहून जायचं.

चौऱ्याहत्तर साली झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, प्रेमलाला इतर सहा मुलींबरोबर मंडळीत घेणार होते. मग तिला प्रभुभोजनात बसता येणार होतं, पण त्याआधी सगळ्यांसमोर उभं राहून आपला विश्वास सांगायचा होता. चर्चच्या पाळकसाहेबांनी तीन महिने त्यांना शिकवलं. विजयमालानं पांढरी साडी आणून ठेवली. रविवार दोन आठवड्यांवर आला, आणि एका सोमवारी संध्याकाळी रेशनच्या लाल ज्वारीतले खडे निवडता निवडता प्रेमला म्हणाली, "आई, मला एवढ्यात घेऊ नका म्हणून सांगशील पाळकसाहेबांना?"

"का गं? काय झालं?"

"बाबा आजारी होते तेव्हा मी रोज प्रार्थना करायचे. शाळेला जाताना, येताना, वर्गात सुद्धा. तरी बाबा गेले. तेव्हापासून मी नुसते ओठ हलवते, आई. कुणी ऐकतंय असं मला वाटतच नाही. मग सगळ्यांसमोर उभी राहून खोटं कशी बोलू?"

विजयमालाचा ज्वारीतला हात थांबला. तोंडात आलं ते ती बोलली. "असं बोलू न्हाय. सैतान असलं मनात घालतो. कुणापाशी बोलली न्हाईस न्हवं?"

"नाही. तुलाच सांगितलं. तूही कुणाला सांगू नकोस."

"न्हाय सांगत."

तिनं हे खोटं सांगितलं नव्हतं. दोन दिवस ती गप्पच राहिली. भाकरी करपायला लागली, डाळ दोनदा खारट झाली, पोरी कुजबुजायला लागल्या. आणि बुधवारी विनंत्या फिरत फिरत तिच्यापाशी आल्या. "माझ्या घरासाठी प्रार्थना करा" एवढं म्हणून तिला सुटता आलं असतं. पण रत्नम्मांनी पाठीवर हात ठेवला आणि तिचा बांध फुटला. प्रेमलाचं सगळं बोलणं, शब्द न्‌ शब्द, तिनं त्या सतरंजीवर रडत रडत मांडलं. आपण शब्द मोडतोय हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. देवापुढं ठेवलेली गोष्ट माणसांत सांगितल्यासारखी होत नाही, असं तिला मनापासून वाटत होतं. लहानपणापासून ती हेच बघत आली होती.

त्या रविवारी उपासना सुटल्यावर रत्नम्मांनी आणि चार बायकांनी प्रेमलाला आवारातच गाठलं. तिच्या डोक्यावर हात ठेवले. "बापा, या लेकरानं तुझ्याकडं पाठ फिरवलीय," अशी रत्नम्मांनी सुरुवात केली आणि दुपारचा भोंगा होईपर्यंत काही थांबल्या नाहीत. उपासनेत गाणाऱ्या मुली पायरीवर उभ्या राहून बघत होत्या. बायकांचे डोळे मिटलेले. प्रेमलाचे उघडे होते. हातांच्या गर्दीतून ती आईकडे बघत होती, आणि विजयमालाला त्या क्षणी, त्या आधी नव्हे, कळलं की आपण काय करून बसलो.

घरी आल्यावर प्रेमला ओरडली नाही, रडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"मी तुला सांगितलं होतं, आई. मंडळाला नव्हतं."

"तुज्यासाठीच गं, बाय..."

"माहीत आहे," ती म्हणाली आणि चपला काढून आत गेली.

झावळ्यांच्या रविवारी पांढरी साडी नेसून ती सगळ्यांबरोबर उभी राहिली. विचारलेल्या प्रश्नांना तिनं चोख उत्तरं दिली. बायकांचे डोळे भरून आले. प्रार्थनेला कसं उत्तर मिळतं याचा दाखला म्हणून रत्नम्मा ती हकिकत पुढं कितीतरी वर्षं सांगत. विजयमाला मागच्या बाकावर मान खाली घालून बसली होती. पोरगी खोटं बोलावं लागू नये म्हणून आपल्यापाशी आली होती, आणि आपणच तिला खोटं बोलायला उभं केलं, एवढंच तिला दिसत होतं.

त्यानंतर खोलीतली बडबड थांबली. अबोला नव्हता. विचारलं तर उत्तर यायचं. अभ्यास कसा चाललाय? बरा चाललाय. बरं वाटत नाही का? बरं आहे. विजयमालानं गोडीनं विचारून बघितलं, रागावून बघितलं, आवडीचे धपाटे करून बघितले. प्रेमला धपाटे खायची, "छान झालेत" म्हणायची आणि ताट घासून ठेवायची. दोन वर्षांनी ती नर्सिंग शिकायला मिरजेला गेली. महिन्याला पत्र यायचं: सप्रेम सलाम, मी खुशाल आहे, जेवण चांगलं असतं, प्रार्थना करत असते. विजयमाला ते पत्र पुन्हा पुन्हा वाचायची. त्यात तिची लेक कुठंच सापडायची नाही.

मंडळात जाणं तिनं सोडलं नाही. फक्त एखादी बाई लेकीचं काही सांगू लागली की ती मध्येच विचारायची, "पोरीला इचारलंस का, हितं सांगू का म्हणून?" बाई गडबडायची. रत्नम्मांना ते आवडत नसे. "अगं, प्रार्थनेला कसली परवानगी?" त्या म्हणायच्या. "देवाला लागत न्हाय," विजयमाला म्हणायची. "लेकीची लागती. माजं ऐका, बायांनो. पोर काय सांगत आसली तर निस्तं ऐका. लगीच गुडगं टेकायला धावू नका." एकदोघींनी ऐकलं. बाकीच्यांना वाटलं, नवरा गेल्यापासून बाई जरा तिरसट झालीय.

अठ्ठ्याहत्तरच्या नोव्हेंबरात वच्छला रजेवर आली. बोर्डिंगातच वाढलेली पोरगी, आता मिरजेला प्रेमलाच्याच वर्गात नर्सिंग शिकत होती. सवयीनं चुलीपाशी बसली आणि सहज म्हणाली, "मावशी, प्रेमलाला आता उतार पडलाय हं. कावीळ लई वाईट. तीन आठवडं आजाऱ्यांच्या खोलीत हाय."

विजयमाला थापत होती ती भाकरी परातीतच राहिली. वच्छलानं जीभ चावली. "तुमाला म्हाईत न्हवतं?"

"मला का न्हाय कळिवलं?"

मावशीपाशी वच्छला कधी खोटं बोललेली नव्हती. "तीच म्हणाली, आईला कळवू नका. आई मंडळात सांगंल."

दुसऱ्या दिवशी पहाटे विजयमाला सांगोल्यावरून मिरजेला जाणाऱ्या एस.टी.त बसली. मेट्रनबाईंना फक्त "लेकीकडं जाऊन येते" म्हणाली. वाटेत प्रार्थना करावी म्हणून तिनं कितीदा डोळे मिटले, पण प्रेमलाच्या नावापुढं एक शब्द सुचला नाही.

आजाऱ्यांच्या खोलीत प्रेमला खाटेवर उशीला टेकून बसली होती. डोळे पिवळे, हाताची हाडं वर आलेली. आईला बघून तिच्या चेहऱ्यावर आधी भीती आली, आणि ती विजयमालाला काळजात घुसल्यासारखी लागली.

"मंडळात सांगून आलीस?"

"न्हाय. कुणालाच न्हाय."

प्रेमलानं मान हलवली. विश्वास बसला की नाही ते कळलं नाही. विजयमाला स्टुलावर बसली. मग जे तिनं दहा वर्षांत ना मंडळाला सांगितलं होतं ना पाळकसाहेबांना, तेच तिच्या तोंडून आलं.

"तुजा बाबा गेल्यावर दोन वर्सं माजंबी तसंच हुतं. मंडळात मोठ्यानं प्रार्थना म्हनायची मी, पर आत निस्ता अंदार. काम मंडळीनं दिलेलं, खोली मंडळीची. माजा इस्वास गेला म्हनून कुणाला सांगू? मग कवातरी परत आला. मी आनला न्हाय, आपसूक आला. त्या दिशी तू बोललीस, आन मला वाटलं, माजंच पाप तुज्यात उतरलं. भ्याले गं मी."

प्रेमलानं आईकडे सरळ बघितलं. चार वर्षांत तिनं असं बघितलं नव्हतं. मग तिचा चेहरा वाकडा झाला आणि पाणी गालांवरून ओघळायला लागलं.

"हे तेव्हा का नाही सांगितलंस, आई? मला वाटलं असतं, घरात माझ्यासारखं आणखी कुणीतरी आहे."

विजयमालानं पदर तोंडाशी नेला. सैतान, परीक्षा, देवाची इच्छा, असले सगळे शब्द तिच्या जिभेवर येऊन गेले. त्यातला एकही तिनं उच्चारला नाही.

"चुकले गं मी," ती म्हणाली.