दूध तुटलेली अकरा पिल्लं

दोन हजार सालानंतरच्या त्या वर्षांत मी एका पशुखाद्य कंपनीत होते. खाद्यात काय किती घालायचं ते ठरवणं हे माझं काम. आठवड्यातून दोनदा अण्णा नगरहून श्रीपेरुंबुदूरच्या पलीकडे एका वराहपालन केंद्रावर जायचे. तिथली पिल्लं सांभाळणारी बाई माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. मी तिला अक्का म्हणायचे, ती मला मॅडम. बोलणं तमिळमध्ये, माझ्या तमिळला ती मनापासून हसायची.

एकदा अकरा पिल्लं चार आठवड्यांची झाल्यावर आईपासून तोडली. त्यातलं एक अगदीच किडकिडीत. आमच्याकडे पोर रोडावलं की भातावरची तुपाची धार वाढते. मीही तेच केलं, फक्त त्याला शास्त्र चिकटवलं: डुकरिणीच्या दुधात भरपूर स्निग्धांश असतो, तो पचतो, मग हाही पचेल. खाद्यातली चरबी दुप्पट केली.

पुढच्या खेपेला गेले तर सगळ्यांना हगवण, तीही तेलकट. किडकिडीत पिल्लू खाद्याकडे पाठ करून भिंतीला टेकलेलं.

“तोंडच लावत नाही,” अक्का म्हणाली. “मॅडम, तुमच्या मुलीचं दूध तोडलंत तेव्हा दुसऱ्या दिवशी वडे भरवलेत का?”

“मऊ भात भरवला.”

“मग ह्यांनी काय पाप केलंय?”

दुधातला स्निग्धांश बारीक थेंबांत विखुरलेला असतो. दूध तुटल्यावर पहिले एक-दोन आठवडे पिल्लांना वरची चरबी नीट पचत नाही. घट्ट चरबी तर बरीचशी तशीच बाहेर पडते. हे मला पाठ होतं. रोडकं पिल्लू बघून विसरले.

चरबी बंद केली. थोडं खोबरेल ठेवलं, ते लहानांना सोपं जातं. धान्याची भरड दुधाच्या पावडरीत आणि कोमट पाण्यात पातळ कालवून दिवसातून पाचदा, थोडी थोडी. किडकिडीत पिल्लाला अक्का मांडीत घेऊन बोटाने चाटवायची. मी तिथे असले आणि तिचा हात भरून आला, की मी घ्यायचे.

दहा जण सावरले. अकराव्याचं काही सांगता येईना.

नंतरच्या खेपेला मी आत शिरले. अक्काने हनुवटीने दाखवलं. ते पुढचे दोन्ही पाय खाद्याच्या भांड्यात घालून उभं होतं.

“काही वळण नाही बघा ह्याला,” ती म्हणाली.

वजनासाठी मी त्याला उचलून काट्यावर ठेवलं. मागच्यापेक्षा काटा जेमतेम हलला होता. पण ते इतक्या जोरात किंचाळलं, की मी घाबरून त्याला छातीशी धरलं.

“खाली ठेवा त्याला,” अक्का म्हणाली. “जेवत होतं ते.”